'लग्न वाचवा' सभेतली जोडखुर्ची

मी एक जुनी जोडखुर्ची आहे. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर नवरा-नवरीला शेजारी शेजारी बसवायला लाल मखमलीची, सोनेरी पाठीची मोठी खुर्ची असते ना, तीच मी. मला नुसती खुर्ची म्हणू नका. नुसत्या खुर्च्या आमच्या गोदामात ढिगाने पडल्या आहेत, प्लास्टिकच्या, एकीत एक कोंबलेल्या. मी एकटीच आहे, आणि एकटीच सगळ्यांना पुरून उरते.

शाळेचं म्हणाल, मित्रांनो, तर शाळेत मी एकदाच गेले. स्नेहसंमेलनाला, तेही टेम्पोत उताणी पडून. तिथे नाटकातल्या राजाने माझ्या मखमलीला नाक पुसलं. माझं शिक्षण तेवढंच. पण माणसं मी भरपूर वाचली आहेत, आणि तीही खालच्या बाजूने. वरच्या बाजूने माणूस हसू आणतो, मान डोलावतो, गोड बोलतो. खालच्या बाजूने त्याला खोटं बोलता येत नाही.

मला ज्या सुताराने घडवलं, त्याने जन्मात सिंह पाहिला नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं, खुर्चीच्या हातांवर सिंहाची तोंडं हवीत. सुतार 'हो' म्हणाला, कारण 'नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याच्या दारात एक कुत्रा झोपलेला असायचा. त्याच्याकडे बघत बघत त्याने सिंह कोरले. म्हणून माझे दोन्ही सिंह जरासे आशाळभूत दिसतात, कोणी तुकडा टाकेल का म्हणून बघणारे. असू दे. लाकूड मात्र अस्सल आहे. जुन्या गोदामाच्या तुळईतून मला कापून काढलं. ती तुळई इतकी वर्षं छप्पर पेलून उभी होती, तिला दोन माणसं ती काय जड!

ज्या दुकानाने मला विकत घेतलं, त्याची मालकीण ताई. मांडव, खुर्च्या, दिवे, भांडी भाड्याने द्यायचा तिचा धंदा. ताईचा नवरा लवकर गेला, तेव्हा लोक म्हणाले, आता बाई दुकान विकणार. बाईने दुकान तर विकलं नाहीच, शेजारचं गोदामही घेतलं. तिच्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. हाड कशाला हवं? धार आहे की. पण हिशेबात चोख, शब्दाला पक्की, आणि एक गोष्ट तिला अजिबात खपत नाही. तिच्या सामानाला नावं ठेवलेली.

दुकानात तिचा धाकटा भाऊ काम करतो. गाद्या भरायच्या, कापड ताणायचं, स्प्रिंगा बांधायच्या. त्याला सगळे गादीवाला म्हणतात. अंगाने काडी, बोलायला कमी. आणि दुसरा दिवेवाला. हा अंगाने भरलेला, बोलायला दुप्पट. शिडीवर चढून माळा टांगतो आणि वरूनच खालच्यांची थट्टा करतो. हे दोघे गोदामाच्या माडीवर एकत्र राहतात. किती वर्षं, ते मोजायला मी काही भिंतीवरचं घड्याळ नाही, पण दिवेवाल्याचे केस मी काळे असल्यापासून पाहिले आहेत. त्या दोघांचं काय नातं आहे हे गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. फक्त तोंडाने कोणी म्हणत नसे. कोणी विचारलंच तर ताई सांगायची, "एकेकटे राहिले तर जेवायला विसरतात, म्हणून एकत्र राहतात." आणि विषय बदलायची.

आता आमच्या दुकानाची एक रीत ऐका. मला लग्नाला पाठवायचं म्हणजे आदल्या दिवशी माझी परीक्षा व्हायची. नुसतं हाताने दाबून स्प्रिंग कळत नाही. खुर्ची दोघांची, तर परीक्षेलाही दोघे हवेत. म्हणून गादीवाला नवरीच्या बाजूला बसायचा आणि दिवेवाला नवऱ्याच्या बाजूला. आणि नुसतं टेकून उठायचं नाही, निवांत बसायचं. स्प्रिंगचा स्वभाव असा की अवघडून बसलेल्या माणसाखाली ती मिठाची गुळणी धरून बसते. माणूस सैलावला, की मग कुरकुरते. म्हणून ते दोघे चहाचे कप घेऊन बसायचे आणि गप्पा मारायचे.

"आज कांदे तू आणणार होतास."

"तू आणणार होतास. मी साबण आणला."

"मग आता साबणाची भाजी कर."

असं त्यांचं चालायचं. बोलता बोलता दिवेवाला पाय पसरायचा, गादीवाला मागे टेकायचा, आणि मग माझी एखादी स्प्रिंग 'कुंई' करायची. लगेच गादीवाला उठून ती बांधायचा. अशी मी तपासून, पुसून, तयार होऊन लग्नाला जायची.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. माझ्यावर नवऱ्या रडल्या, नवरे घामाने भिजले. एकदा एक नवरा झोपला आणि त्याच्या सासूने त्याला चिमटा काढून उठवलं. पोरांनी बूट घालून माझ्यावर उड्या मारल्या. जाडजूड मावशांनी 'फक्त एक फोटो' म्हणून माझा जीव काढला. पण कौतुकही झालं. गावात पोरीचं लग्न ठरलं की आई म्हणायची, "हॉल कुठलाही घ्या, जोडखुर्ची मात्र ताईचीच. मी पण तिच्यावरच बसले होते." हे ऐकलं की माझ्या सिंहांच्या माना ताठ व्हायच्या. कुत्रे असले म्हणून काय झालं!

मग एक गोष्ट घडली. दिवेवाला शिडीवरून पडला आणि पाय मोडला. दवाखान्यात गादीवाल्याला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" तो बिचारा म्हणाला, "आम्ही एकाच दुकानात आहोत." मग काय, त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. सही करायला दिवेवाल्याचा एक लांबचा चुलतभाऊ शोधून आणला. त्याने आल्या आल्या विचारलं, "कोणता पाय?" आणि मग, "नाव काय म्हणालात त्याचं?" त्या चुलतभावाला आत सोडलं. जो रोज पथ्य सांभाळणार होता, तो बाकावर.

त्याच सुमारास सरकारने कायदा केला. दोन पुरुष किंवा दोन बायका जोडीने संसार करत असतील, तर त्यांनाही रीतसर लग्न करता येईल. पाय बरा झाला तसे दोघे ताईकडे आले. दिवेवाला, एरवी तोंडाचा पट्टा, त्या दिवशी गप्प. गादीवालाच म्हणाला, "ताई, आम्ही लग्न करतोय. कचेरीत होईल ते होईल. पण संध्याकाळी हॉलमध्ये चार माणसं बोलवायची आहेत. त्या दिवशी जोडखुर्ची आम्हाला हवी."

ताई जरा वेळ चादरीच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "बघू."

ताईचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे. जे तिला द्यायचं नसतं, ते ती बघते. गादीवाल्यालाही ते ठाऊक होतं. तो माडी चढून गेला.

ताईला कशाची भीती होती, तेही सांगते. गावात 'लग्न वाचवा' म्हणून मोहीम निघाली होती. मोहिमेचे दोन म्होरके. एक धर्मगुरू. ते मनाने वाईट नव्हते. आजारी माणसाच्या उशाशी बसायचे, गरिबाचं लग्न फुकट लावायचे. पण लग्नाची गाठ देव बांधतो, सरकारने त्यात बोटं घालू नयेत, असं त्यांचं ठाम मत. दुसरा पुढारी. त्याला ना देवाचं पडलं होतं, ना गाठीचं. निवडणूक जवळ आली की त्याला परंपरा आठवायची, जशी सर्दी झाली की माणसाला रुमाल आठवतो. दोघांनी मिळून जाहीर केलं: असल्या लग्नाला जो हॉल देईल, फुलं देईल, खुर्ची देईल, त्याच्याकडून गावाने पुढे काही घ्यायचं नाही. गावातली लग्नं सगळी धर्मगुरूंच्या हातची. ते म्हणाले नको, तर आमच्या दुकानाला कुलूपच. आणि मला कोपरा.

आता गंमत बघा. त्या दोघांना सभा घ्यायची होती, आणि सभेत बसायचं कशावर यावरून त्यांचंच वाजलं. पुढाऱ्याला वाटे आपली खुर्ची उंच हवी, धर्मगुरूंच्या शिष्यांना वाटे गुरूंची. दोन सारख्या खुर्च्या आणून मांडल्या, तर एकीखाली कोणीतरी विटा सारल्या. शेवटी तोड निघाली. दोघांना एकाच खुर्चीवर बसवा, म्हणजे उंच-बुटकं कोणी नाही. आणि दोघांना पुरेल अशी गावात एकच खुर्ची. मी!

ताईने सभेला सामान द्यायला होकार दिला. धंदा तो धंदा. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी दोघे माझी परीक्षा घ्यायला आले. पण त्या दिवशी चहा नव्हता. कांदे नव्हते, साबण नव्हता. दोघे काठीसारखे बसले. दिवेवाला एवढंच म्हणाला, "यांच्यासाठी तपासायची आणि आपल्याला मिळायची नाही." गादीवाला म्हणाला, "चल, ठीक आहे ती." आणि उठले. माझी मधली स्प्रिंग सैल झाली होती. मला ते कळत होतं. पण अवघडलेल्या माणसांखाली ती बोललीच नाही.

सभेला मैदान भरलं. डावीकडे पुढारी, उजवीकडे धर्मगुरू, मध्ये हारांचा ढीग. ताई स्टेजच्या कडेला उभी. दिवेवाला दिव्यांपाशी, गादीवाला खाली कनातीजवळ. पहिल्या रांगेत पुढाऱ्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात. त्यांच्या लेकीचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं.

धर्मगुरू शांतपणे बोलले. देवाची गाठ, आईबाप, कुळाची शिस्त. लोकांनी माना डोलावल्या, काहींनी डुलक्या काढल्या. मग पुढारी उठला आणि माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला, "या खुर्चीकडे बघा! आपली सगळ्यांची लग्नं हिच्यावर झाली! उद्या हिच्यावर दोन पुरुष जोडीने बसले तर ही बाटणार की नाही? आणि त्या बाटलेल्या खुर्चीवर तुम्ही तुमच्या लेकी बसवणार?"

मागून एक म्हातारी ओरडली, "अहो, पण आत्ता तुम्ही दोघं तेच करताय ना?"

मैदान हसलं. पुढारी लाल झाला. "आजी, आम्ही सभेला बसलोय, लग्नाला नाही!"

"ते खुर्चीला कसं कळायचं?"

खरं सांगते मित्रांनो, मला नाही कळत.

पुढारी चिडून धपकन खाली बसला. आणि माझी मधली स्प्रिंग सुटली. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. बैठक मध्ये खचली, आणि गाव ज्यांना शेजारी शेजारी बसलेलं बघत होतं, ते आता एकमेकांच्या अंगावर आले. पुढारी उठायला गेला तर धर्मगुरू त्याच्या बाजूला घसरले. धर्मगुरू उठायला गेले तर त्यांच्या झग्याचा काठ स्प्रिंगेत अडकला आणि ते परत पुढाऱ्याच्या मांडीवर. यात माझा हात नव्हता. मला हातच दोन, आणि त्यांना कुत्र्याची तोंडं.

गादीवाला पक्कड घेऊन धावला आणि माझ्याखाली शिरला. दिवेवाल्याने येऊन माझी एक बाजू उचलून धरली. तेवढ्यात पुढाऱ्याने, एका हाताने धर्मगुरूंना सावरत, दुसऱ्या हाताने माइक ओढला. "ताई! ही काय भंगार खुर्ची दिलीत? सामान तपासून देता की नाही? का असंच गोदामातून उचलून आणता?"

अरेरे. वाट्टेल ते बोलायचं होतं, पण हे नको होतं बोलायला.

ताई स्टेजवर चढली. तिने पुढाऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला, जसा पोराच्या हातातून सुरी काढून घेतात.

"तपासत नाही? माझं सामान तपासत नाही? अरे, या दुकानातून ही खुर्ची तपासल्याशिवाय एकदाही बाहेर पडलेली नाही! हे दोघे तपासतात. हा, जो खाली तुमच्या गुरूंचा झगा सोडवतोय, तो, आणि हा, जो तुम्हाला दोघांना उचलून धरतोय, तो. प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी हे दोघे हिच्यावर बसतात. जोडीने. हा इकडे, तो तिकडे. चहा पिऊन होईपर्यंत बसतात!"

माझ्याखालून गादीवाला कुजबुजला, "ताई, माइक ठेव खाली."

"तू गप्प बस, तू तुझं काम कर." मग पुढाऱ्याकडे वळून, "तुमच्या लग्नाच्या आधी कोण बसलं होतं? हेच दोघे! तुमच्या भावाच्या? हेच! त्या मागच्या आजीबाईंच्या नातवाच्या? हेच! या गावात या खुर्चीवर असा एक नवरा नाही आणि अशी एक नवरी नाही, की ज्यांच्या आधी हे दोघे बसलेले नाहीत. आता सांगा. कोणाकोणाची लग्नं बाटली? हात वर करा!"

प्रत्येक जण मनात आपल्या लग्नाची आठवण काढत होता, आणि शेजारी बसलेल्याकडे तिरक्या नजरेने बघत होता.

मग वहिनी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "आमचं बाटलंच आहे. पण त्यात खुर्चीचा काही दोष नाही."

हसू असं फुटलं की कनात हलली. ते ओसरायच्या आत घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा उभा राहिला आणि फार आदराने, फार आशेने म्हणाला, "गुरुवर्य, म्हणजे आमचं लग्न झालंच नाही असं धरून चालायचं का? माणूस मोकळा?"

त्याच्या बायकोने छत्रीने त्याला खाली बसवलं. पण तोवर आणखी तिघांनी माना उंचावल्या होत्या, आणि त्यांत दोन बायका होत्या.

धर्मगुरूंनी गर्दीकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर बांधलेल्या गाठी त्यांच्या डोळ्यांदेखत सुटू लागल्या होत्या. झगा अजून अडकलेलाच होता. त्यांनी ताईकडे माइक मागितला, तिने दिला. "खुर्चीला काही होत नाही," ते म्हणाले. "कोण आधी बसलं, त्याने कोणाचं लग्न बाटत नाही. सगळ्यांची लग्नं पक्की आहेत. घरी जा." मग जरा थांबून, "सरकारच्या कायद्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे." ते त्यांचं मत आजही तेच आहे, मित्रांनो. मला खोटं सांगायचं नाही.

पण बहिष्कार त्याच मैदानात खचला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. पुढाऱ्याने घरी जाऊन म्हटलं, ताईकडून काही घ्यायचं नाही. वहिनी म्हणाल्या, "मग लेकीला कशावर बसवताय? तुमच्या डोक्यावर?" दुसऱ्या दिवशी त्यांचाच माणूस माझी तारीख ठरवायला आला.

ताईने त्याला सांगितलं, "त्याच्या आधीचा शनिवार मात्र गेलाय."

"कोणाचं आहे?"

"माझ्या भावाचं."

माडीवर कोणीतरी काहीतरी पाडलं. आवाजावरून दिवेवाला असावा.

त्या शनिवारी हॉल अर्धा रिकामा होता. जे यायचे ते आले. घड्याळवाला आला, बायकोसोबत, छत्रीसोबत. ती हटकणारी म्हातारी आली, आणि पोटभर जेवली. वहिनी उशिरा आल्या, मागच्या दाराने, पण आल्या. जे आले नाहीत त्यांच्यात जुनी, जवळची माणसं होती. गादीवाला दाराकडे बघत राहिला, मग बघायचा थांबला. नवी मखमल लावली होती मला. एवढी वर्षं ते दोघे माझ्यावर बसले, पण माणसं समोर बसून आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर दोघांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. दिवेवाल्याने एक हात सिंहाच्या डोक्यावर ठेवला. दुसरा बराच वेळ हवेत होता. मग गादीवाल्याने तो धरला. फोटो काढणारा म्हणाला, "जरा सैल बसा." आणि हळूहळू ते सैलावले.

कार्यक्रम संपला तसा दिवेवाला सवयीने उठला आणि शिडी उचलायला गेला, माळा उतरवायला.

"बस खाली," ताई ओरडली. "नवरा मुलगा शिडीवर चढतो का कधी?"

ताई स्वतः चढली. म्हातारपणी, नव्या चपला काढून. तिने माळा ओढून काढल्या, आणि वायर अशी काही गुंडाळली की वायर होती की बोरांटीचं जाळं! दिवेवाल्याला ते बघवेना.

"ताई, अशी नाही गुंडाळत! आत तुटते ती!"

ताई शिडीवरूनच वळली. वायरीचा गुंता तिच्या गळ्यात होता. "लग्न होऊन एक दिवस झाला नाही आणि मला शिकवतोस? एक ध्यानात ठेव. आजवर मी तुझी मालकीण होते, म्हणून सोसून घेतलं. आजपासून मी तुझी नणंद आहे. आणि नणंद काय चीज असते, ते तुला अजून माहीत नाही."

दिवेवाला हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. तो माझ्यावर पुन्हा बसला, आणि मला खालून कळलं की त्याचा सगळा भार आता माझ्यावर आहे, जरासुद्धा उचलून न धरलेला.

तर मित्रांनो, आता मी थकले आहे. एका सिंहाचा कान तुटलाय, सोनेरी रंग उडालाय. तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी असेल. तिला ओल्या जागी ठेवू नका. बूट घालून उड्या मारू नका. वर्षातून एकदा तिला वाळवीचं औषध लावा. मला वाचवायचं असं ज्यांच्या मनात असेल, त्यांना माझे शत्रू कोण ते मीच सांगते: वाळवी, ओल, आणि मांडीवर रश्शाची वाटी घेऊन बसणारे पाहुणे. जोडीने बसून कांद्यावरून भांडणाऱ्या दोन माणसांनी माझं आजवर कधी काही बिघडवलेलं नाही. उलट, त्यांनीच मला दुरुस्त केलं आहे.